डायरीत ‘आजचा तास चांगला झाला’ याच्यापुढे काही सुचत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही 11 वर्षं भाषा शिकवताय, दर वर्षी एखादं तरी ट्रेनिंग होतंच, यंदा सगळ्यांना रिफ्लेक्टिव्ह डायरी, म्हणजे स्वतःच्या शिकवण्यावर मागे वळून विचार करायची वही, लिहायला सांगितलीय आणि महिनाअखेरीस वरिष्ठ ती बघून सही करतात. चार दिवस तुम्ही मन लावून लिहिलंत, नंतर रोज तेच, ‘आजचा तास चांगला झाला, प्रतिसाद मिळाला, दोघंतिघं मागे पडतायत’. मग याचा खरंच काही उपयोग असतो का, वेळ कुठून काढायचा, आणि त्या डायरीत लिहायचं तरी काय.

मी 26 वर्षं शिकवतेय, आधी शाळेत इंग्रजी, आता बरीच वर्षं मोठ्या माणसांना दुसरी भाषा म्हणून मराठी, आणि मधे काही वर्षं शिक्षकांची ट्रेनिंगंही घेतलीयत, त्यामुळे डायरी लिहिणारी आणि लिहायला लावणारी अशा दोन्ही बाजूंनी सांगते. तुमची डायरी चार दिवसांत आटली यात तुमचा काही दोष नाही. ‘तास कसा झाला’ हा प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर मार्कांत येतं. चांगला, बरा, फसला. मार्क एकदा देऊन टाकले की विचार करायला उरतंच काय? त्यात पेपर लिहिणारे आपण आणि तपासणारेही आपणच, म्हणजे आपला तो बाब्या होणारच, आणि काही जण त्याच्या बरोब्बर उलट असतात, त्यांना स्वतःचा प्रत्येक तास भिकार वाटतो, तेही तितकंच बिनकामाचं.

माझंच सांगते. साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी माझी पक्की समजूत होती की माझ्या वर्गात विद्यार्थी भरपूर बोलतात. एकदा एका मैत्रिणीने, तीही भाषाच शिकवायची, सहज विचारलं, भरपूर म्हणजे किती गं? मी म्हटलं निम्मा वेळ तरी. म्हणाली, मोज की मग. मी मोबाइल टेबलावर ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड केली आणि घरी येऊन त्यातली तीन मिनिटं शब्दन्‌शब्द वहीत उतरवली. तीन मिनिटांना पाऊण तास लागला, हे आधीच सांगून ठेवते. त्या तीन मिनिटांत विद्यार्थ्यांचं सगळ्यात लांब वाक्य चार शब्दांचं होतं. मी ‘छान’ नऊ वेळा म्हटलं होतं, त्यातलं दोनदा चक्क चुकीच्या उत्तराला. आणि प्रश्न विचारल्यावर मी थांबतच नव्हते हो, लगेच तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत, मग हिंट, मग उत्तराचं पहिलं अक्षर, आणि शेवटी अख्खं उत्तर मीच देऊन वर ‘छान’.

गंमत म्हणजे हे सगळं मला वाचून माहीत होतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, स्वतःहून बोलणारे वाढतात, गप्प बसणारे कमी होतात. आपल्या वर्गात तर परक्या भाषेत प्रश्न समजून घ्या, मग उत्तर सुचू दे, मग शब्द शोधा, मग त्याला प्रत्यय लावा, एवढं सगळं एका सेकंदात कोण करणार? ट्रेनिंगमधे मी स्वतः हे दुसऱ्या शिक्षकांना सांगितलेलं होतं. आणि माझ्याच वर्गात मी एक सेकंदसुद्धा देत नव्हते.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, हातात पुरावा नसेल तर रिफ्लेक्शनच्या भानगडीत पडू नका, कारण मग ती नुसती आठवण असते आणि आठवण कायम आपल्याच बाजूने साक्ष देते.

रिफ्लेक्शन ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1910 साली लिहिलं आणि 1933 साली ते सुधारून पुन्हा मांडलं की खरा विचार सुरू होतो तो अडखळल्यावर, शंका आल्यावर. पुढे 1983 साली डोनाल्ड शॉन यांनी आर्किटेक्ट, सायकोथेरपिस्ट अशा लोकांच्या कामाकडे बारकाईने बघून दोन गोष्टी वेगळ्या केल्या, काम चालू असताना हातासरशी केलेला विचार आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार. तास चालू असताना मधेच तुमच्या लक्षात येतं की सूचना कुणालाच कळलेली नाही आणि तुम्ही पटकन फळ्यावर एक उदाहरण करून दाखवता, हा पहिला प्रकार, आणि तो तुम्ही 11 वर्षं रोज करताय, फक्त त्याची कुठे नोंद होत नाही. 1991 साली मायकेल वॉलेस यांनी हा सगळा विचार भाषाशिक्षकांच्या ट्रेनिंगमधे नीट बसवला. आणि मग आले फॉर्म! गिब्स यांचं 1988 सालचं सहा पायऱ्यांचं चक्र तुम्हाला ट्रेनिंगमधे दाखवलं असेलच, काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, असं का झालं, निष्कर्ष, पुढे काय करणार. चक्र वाईट नाही, नर्सिंगच्या शिक्षणात तर सर्रास वापरतात. पण रोज सहा चौकटी भरायच्या म्हटलं की माणूस चौकटींसाठी घटना शोधायला लागतो. मी तरी रोज भरण्याच्या विरोधात आहे, महिन्यातून एखाद्या मोठ्या घोळासाठी वापरा.

अजून एक नाव घेते कारण त्याशिवाय आपलं गाडं कुठे अडतं ते कळत नाही. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने 1975 साली लिहिलं की शिक्षक होण्याआधीच माणसाने विद्यार्थी म्हणून साधारण 13,000 तास शिक्षकांना बघण्यात घालवलेले असतात, म्हणजे ती एक उमेदवारीच झाली म्हणा, फक्त समोरच्या बाजूने केलेली. बाई फळ्यावर काय लिहितात ते दिसतं, का लिहितात ते दिसत नाही. म्हणून दमलो, घाबरलो, वर्ग हातातून सुटायला लागला की आपल्या तोंडून आपले जुने शिक्षक बोलायला लागतात. माझ्या तोंडून अजूनही कधीकधी ‘लक्ष कुठाय’ येतं ते माझं नाहीच. कुठलंही ट्रेनिंग झालं की नव्याचे नऊ दिवस आणि मग ये रे माझ्या मागल्या होतं ना, त्याचं एक मोठं कारण हे आहे, दोन दिवसांचं वर्कशॉप एका बाजूला आणि 13,000 तास दुसऱ्या बाजूला.

आता प्रत्यक्ष करायचं काय. एक वर्ग, एक प्रश्न, आणि दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग. विद्यार्थ्यांना आधी सांगा की हे माझ्या शिकवण्यासाठी आहे, तुमच्या मार्कांसाठी नाही, मुलं लहान असतील तर संस्थेची आणि पालकांची परवानगी घ्या, आणि काम झालं की डिलीट करा. व्हिडिओ नको, पहिल्यांदा तर नकोच, आपण कसे दिसतो यातच सगळं लक्ष जातं. दहातली तीन मिनिटं निवडा आणि उतरवून काढा, आणि पहिल्या वेळी त्यावर एकही विशेषण लिहू नका. ‘मुलं कंटाळली होती’ नाही, ‘दोघं खिडकीकडे बघत होते, एकाने तिसऱ्यांदा पेन्सिलला टोक केलं’ असं. जॉन फॅन्सेलो नावाचे अमेरिकन प्रशिक्षक याच गोष्टीवर वर्षानुवर्षं अडून बसलेले, आधी वर्णन करा, निवाडा मागाहून. आणि त्यांचा दुसरा हट्ट मला जास्त आवडतो, नेहमी करता त्याच्या उलट करून बघा, सुधारणा म्हणून नव्हे, नुसतं काय होतं ते बघायला. रोज उभं राहून शिकवता, एक दिवस बसून शिकवा. नेहमी प्रश्न तुम्ही विचारता, एक दिवस तुम्ही फक्त उत्तरं द्या.

मोजायला काय काय असतं ते पटकन सांगते. तुम्ही किती बोललात, ते किती बोलले. नावं कुणाकुणाची आली. प्रश्न कसले होते, म्हणजे उत्तर तुम्हाला आधीच माहीत असलेले (‘हे कोणतं क्रियापद आहे?’) की खरंच माहीत नसलेले (‘काल तुम्ही उशिरा का आलात?’). सिंक्लेअर आणि कूल्थर्ड या भाषाशास्त्रज्ञांनी 1975 साली वर्गातल्या बोलण्याचा जो तीन पायऱ्यांचा साचा दाखवला तो तुमच्याही उताऱ्यात सापडेलच, शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचं उत्तर, शिक्षकाचा शेरा, आणि पुन्हा पहिल्यापासून. साचा म्हणून तो वाईट नाही, पण तास संपेपर्यंत त्याच्या बाहेर एकदाही कुणी गेलं नसेल तर त्या वर्गात कुणी कुणाशी बोललेलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती चूक दुरुस्त करण्याची गोष्ट, त्यामुळे ती जरा सविस्तर सांगते. माझे विद्यार्थी ‘मी काल पुस्तक वाचलो’ म्हणायचे. (काही बोलींत असं बोलतात, तो वेगळा विषय, पण यांना प्रमाण भाषा हवी होती.) माझी पद्धत अशी की मी प्रेमाने म्हणायचे, ‘हो का, तुम्ही पुस्तक वाचलं, कोणतं?’ मला वाटायचं मी किती हळुवार दुरुस्ती केली. रेकॉर्डिंगमधे काय ऐकू आलं, तर विद्यार्थी पुस्तकाचं नाव सांगतो, मग पुढच्याच वाक्यात ‘आणि मी पत्र लिहिलो’. त्याच्या दृष्टीने मी ‘हो’ म्हटलं होतं, म्हणजे वाक्य बरोबर होतं, मग दुरुस्ती कुठे झाली? लिस्टर आणि रांटा यांनी 1997 साली कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांवर (म्हणजे जिथे बाकीचे विषयही फ्रेंचमधूनच शिकवतात) जे प्रसिद्ध केलं त्यात नेमकं हेच होतं, शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त, साधारण 55 टक्के, अशा ‘बरोबर रूप आपणच बोलून टाकायचं’ प्रकारातल्या होत्या, आणि त्यातल्या जेमतेम 31 टक्क्यांनंतर विद्यार्थ्याने दुरुस्तीची काही दखल घेतली. उलट शिक्षक वाक्य अर्धवट सोडून थांबला की विद्यार्थी दर वेळी काहीतरी प्रयत्न करत होते. दखल घेतली म्हणजे शिकला असं नाही, हे त्या अभ्यासावर बोलताना लोक विसरतात, पण निदान दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचली एवढं तरी कळतं.

मग मीही तसं सुरू केलं, ‘मी काल पुस्तक…?’ एवढंच म्हणायचं आणि गप्प. आणि उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यात प्रत्येक चुकीवर थांबवायला लागले. झालं काय की एक गृहस्थ, जे अर्धंमुर्धं का होईना पण स्वतःहून बोलायचे, ते बोलेनासेच झाले. हे मला तासात कळलं नाही बरं का, पुढच्या रेकॉर्डिंगमधे त्यांचा आवाजच नाही म्हणून कळलं. मग ठरवलं, माणूस काही सांगत असेल तेव्हा मधे तोंड घालायचं नाही, चुका चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या आणि शेवटची पाच मिनिटं त्यांच्यावर, आणि सरावाच्या छोट्या वाक्यांत मात्र अडवायचं. महिन्याभराने पुन्हा दहा मिनिटं रेकॉर्ड केली. ‘वाचलो’, ‘लिहिलो’ गेलं नव्हतं. पण ते गृहस्थ आता क्रियापदाच्या आधी स्वतःच थबकत होते, आणि तीनातल्या एका वेळी बरोबर रूप घेत होते. बाहेरून कुणी तास बघितला असता तर म्हणाला असता, याचं बोलणं पूर्वीपेक्षा अडखळतं झालंय. माझ्या मते ते थबकणं हीच प्रगती होती, पण आधीचं रेकॉर्डिंग नसतं तर मीही ‘फ्लुएन्सी घटली’ म्हणून पद्धत सोडून दिली असती.

डायरीबद्दल. रोज लिहू नका. आठवड्यातून दोनदा, तास संपल्यावर लगेच पाच मिनिटं, एकच क्षण. त्यात एक तरी वाक्य जसंच्या तसं हवं, कुणीतरी खरोखर बोललेलं. मी ‘समजलं का’ विचारल्यावर एक बाई म्हणाल्या होत्या, ‘तुम्ही बोलता तेव्हा समजतं’. या एका वाक्यावर मी दोन आठवडे विचार केला. ‘प्रतिसाद चांगला होता’ या वाक्यावर कुणीही दोन मिनिटंसुद्धा विचार करू शकत नाही. आणि प्रत्येक नोंद समस्याच असली पाहिजे असंही नाही, भाषेच्या वर्गांवर संशोधन करणारे डिक ऑलराइट म्हणायचे की समस्या शोधण्यापेक्षा कोडं शोधा. शुक्रवारचा तास कायम चांगला का होतो, हेही कोडंच की. डायरीचं खरं काम मात्र लिहिताना होत नाही, सहा आठवड्यांनी सगळं एका बैठकीत वाचताना होतं. मी एकदा अशी वाचायला बसले तर 14 जणांच्या वर्गातल्या तिघांचं नाव कुठेच नव्हतं. भांडणारे नाहीत, हुशार नाहीत, मागे पडणारेही नाहीत, म्हणून मला दिसतच नव्हते. त्यातल्या एका मुलीला बोलतं केलं तर कळलं ती दोन धडे पुढे होती आणि शिष्टाचार म्हणून गप्प बसत होती.

एकट्याने हे फार दिवस होत नाही, आपलं मुसळ दिसायला दुसऱ्याचे डोळे लागतातच. पण दुसरा म्हणजे वरिष्ठ नव्हे, बरोबरीचा. त्याला वर्गात बोलवायच्या आधी सांगायचं की फक्त एवढंच बघ, समजा, मी सूचना दिल्यावर पहिल्या मिनिटात मुलं काय करतात. मत मागायचं नाही. ज्युलियन एज या भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षकांनी 1992 साली जी पद्धत मांडली त्यात ऐकणाऱ्याला सल्ला द्यायलाच बंदी, त्याने फक्त ‘तू असं म्हणतेयस का?’ एवढं विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, तिसऱ्या मिनिटाला जीभ वळवळायला लागते. जपानमधे शिक्षक मिळून एक तास आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे शिकवणाऱ्याकडे न बघता मुलांकडे बघत बसतात आणि नंतर तो तास पुन्हा दुरुस्त करतात, तेही छान आहे, पण त्याला संस्थेचा पाठिंबा लागतो. दोघांचं जमतंय तर दोघांचं करा.

विद्यार्थ्यांना विचारायचं असेल तर ‘तास आवडला का’ अजिबात नको, ते हो म्हणतात आणि विषय संपतो. शेवटच्या दोन मिनिटांत चिठ्ठीवर एक ओळ, आज तुम्ही काय शिकलात. मी अख्खा तास भविष्यकाळावर घेतला होता आणि निम्म्या चिठ्ठ्यांवर मी बोलण्याच्या ओघात वापरलेला एक वाक्प्रचार होता!

आणि एक गोष्ट कुठल्याच ट्रेनिंगमधे सांगत नाहीत म्हणून सांगते, दर चारपाच वर्षांनी एखादी नवी भाषा शून्यापासून शिका. रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ ब्राझीलमधे साधारण पाच महिने राहिले, पोर्तुगीज शिकले आणि सगळ्याची डायरी ठेवली, सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासोबत 1986 साली ते प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की काही रूपं रोज कानावर पडत होती तरी ती वापरात आली ती डायरीत ‘अरे, हे असं म्हणतात’ अशी नोंद झाल्यावरच. लक्ष गेल्याशिवाय शिकणं होत नाही हा त्यांचा पुढे गाजलेला सिद्धांत त्याच्याच जोरावर उभा आहे. मी पन्नाशीच्या जवळ एका अनोळखी लिपीची भाषा सुरू केली, तिसऱ्याच तासाला शिक्षिकेने मला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं आणि मला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मी कुणालाच एकदम मोठ्याने वाचायला उठवलं नाही, आधी जोडीत वाचायला दिलं. आणि हो, जी भाषा शिकवता ती तुमची मातृभाषा नसेल तर तिचं स्वतःचं वाचन-ऐकणं चालू ठेवा, नाहीतर दहा वर्षांत आपण पाठ्यपुस्तकाएवढेच उरतो. हे माझ्याबाबतीत इंग्रजीचं झालं होतं.

वेळेचं म्हणाल तर हिशोब असा, महिन्यातून एक रेकॉर्डिंग, ते उतरवायला सुरुवातीला पाऊण तास, नंतर सवयीने अर्धा, आणि आठवड्याला दहा मिनिटं डायरी. बस. याच्यावर गेलात तर टिकणार नाही. वर्कशॉपला जरूर जा, पण तिथून एकच गोष्ट घेऊन या आणि ती तीन आठवडे वापरा, पाच गोष्टी आणल्या की एकही राहत नाही. आणि सगळ्याचं खापर स्वतःवर फोडू नका. वर्गात 60 मुलं असतील, पोर्शन संपवायची घाई असेल, तर विद्यार्थी कमी बोलतात त्याचं कारण तुमच्या स्वभावात शोधत बसणं चुकीचं आहे. रात्री अंथरुणात ‘मी असं का बोलले’ चालू झालं की ते रिफ्लेक्शन नाही, ती काळजी आहे, वही मिटा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी उजेडात रेकॉर्डिंग ऐका, बहुतेक वेळा आपण तेवढं वाईट बोललेलोच नसतो.

राहिली वरिष्ठांच्या सहीची गोष्ट. सही होणारी डायरी आणि खरी डायरी एक असूच शकत नाही, ज्या वहीवर आपलं मूल्यमापन होणार त्यात कोण लिहील की मी चुकीच्या उत्तराला दोनदा छान म्हटलं? मी ट्रेनिंग घेत होते तेव्हा सुरुवातीला मीही शिक्षकांच्या डायऱ्या गोळा करायचे. सगळ्या सारख्याच निघाल्यावर ते बंद केलं. तुम्ही दोन वह्या ठेवा. सहीच्या वहीत महिन्याला एक पान, काय बदलून बघितलं, काय मोजलं, आधी किती होतं आणि नंतर किती, बघणाऱ्यालाही ते बरं पडतं कारण आकडे असतात. आणि दुसरी वही घरी राहू दे.